रामाने उडवलेला पतंग आणि इतर संक्रांती वावड्या

डिसेंबर सरत आला की नाशकातल्या झाडून सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हिंडायला लागतो. गल्लीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा, भिशीचा, सोसायटीचा, कोणी म्हणजे कोणी सुटत नाही. वर उगवत्या सूर्याचं चित्र, खाली हात जोडलेले चार इमोजी आणि मथळा: 'संक्रांतीला पतंग का उडवतात? आपल्या मुलांना नक्की सांगा.' मजकूर थोडक्यात असा. पहिला पतंग प्रभू रामचंद्रांनी उडवला, तो इंद्रलोकात पोचला, तुलसीदासांच्या बालकांडात त्याचा पुरावा आहे. पतंग हा मूळ आपला शोध, चिन्यांनी तो पळवला. १४ जानेवारीला सूर्य उत्तरेकडे वळतो, त्या दिवशीच्या उन्हात औषधी गुण असतात, म्हणून ऋषिमुनींनी लोकांना पतंगाच्या निमित्ताने उन्हात काढलं. हजारो वर्षं सारा भारत याच दिवशी पतंग उडवतो. आणि आता मांजावर बंदी घालून हा सणच बुडवायचा डाव आहे, बंदी काय ती फक्त आमच्याच सणावर. पक्षी काय फक्त संक्रांतीलाच मरतात? शेवटी, घातक मांजा चीनच पाठवतो.

ज्याने जन्मात कधी पतंगाला कन्नी (दोरा अडकवायची गाठ) बांधली नाही त्याने हे पुढे ढकललं तर एक वेळ समजू शकतो. पण गच्चीवर उभं राहून, समोरचा पतंग कटला की 'गई बोला रे' म्हणून घसा बसवून घेणारी मंडळीही तेच करतात, म्हणून हे उत्तर.

'पहिला पतंग रामाने उडवला'

या दाव्याबरोबर दोन ओळींची एक हिंदी चौपाई येते: राम एके दिवशी पतंग उडवतो आणि तो इंद्रलोकात जातो. पुढची गोष्टही चविष्ट आहे. इंद्रपुत्र जयंताची बायको तो पतंग धरून ठेवते, राम हनुमानाला पाठवतो, ती म्हणते आधी पतंगवाल्याचं दर्शन घडवा, राम चित्रकूटला भेटीचा शब्द देतो, तेव्हा कुठे पतंग सुटतो. लोककथा म्हणून मला ती आवडते. देवाच्या बायकोलासुद्धा कटलेला पतंग लुटायचा मोह होतो, यापेक्षा आणखी काय पाहिजे!

पण पुरावा म्हणून ती टिकत नाही. रामचरितमानसाची नेहमीची छापील प्रत काढून बालकांड वाचा. ही चौपाई त्यात नाही. वाल्मीकींकडे तर पतंगाचा प्रसंगच नाही. आणि जरा पंचवटीच्या माणसासारखा विचार करा. बालकांडातला राम अयोध्येत वाढतोय. हनुमान त्याला भेटतो तो ऋष्यमूक पर्वतापाशी, सीताहरणानंतर, म्हणजे आपल्या काळाराम मंदिराजवळची सीतागुंफा दाखवताना गाइड जी गोष्ट सांगतो तिच्याही नंतर. मग अयोध्येच्या गच्चीवरून पतंग आणायला हनुमान गेला कुठून? जयंताचं नाव मानसात आहे, पण तिथे तो कावळ्याच्या रूपात येऊन सीतेच्या पायाला चोच मारतो आणि पळतो.

गंमत म्हणजे मानसात पतंग खरोखर आहे. मेसेजवाल्यांना तो सापडला नाही, कारण शोधला कोणी? तो अयोध्याकांडात आहे. भरत चित्रकूटला येऊन लांबूनच जमिनीवर लोटांगण घालतो. रामाचं लक्ष नसतं, पण लक्ष्मण आवाज ओळखतो. एकीकडे भावाला कडकडून भेटावंसं वाटतंय, दुसरीकडे रामाची सेवा सोडवत नाही. तो मन आवरून सेवेतच राहतो, आणि तुलसीदास म्हणतात, चढलेला पतंग खेळाडूने खेचून धरावा तसा. ज्याच्या हातात भर वाऱ्यात दोरा तणलेला आहे, वर गेलेला पतंग आणखी ढील, म्हणजे सैल दोरा, मागतोय आणि ज्याला ती द्यायची नाहीये, त्याला ही उपमा मनगटात कळते. तुलसीदासांनी मानस लिहायला घेतलं १५७४ मध्ये. म्हणजे त्या काळी गंगेकाठच्या श्रोत्यांना पतंग इतका ओळखीचा होता की लक्ष्मणाच्या मनाची ओढाताण सांगायला तो चालून गेला. खरा पुरावा हा आहे. रामाने पतंग उडवल्याचा नव्हे, तुलसीदासांनी पतंगबाज जवळून पाहिल्याचा.

'पतंग हा भारताचा शोध, चिन्यांनी पळवला'

पळवला वगैरे काही नाही. चिनी परंपरा पतंगाचा जनक म्हणून तत्त्वज्ञ मोझी आणि कारागीर लू बान यांची नावं सांगते, दोघेही इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या आसपासचे, आणि त्यांचा पतंग लाकडी पक्ष्याचा होता. ती दंतकथा मानली तरी इ.स. ५४९ ची नोंद तशी नाही: वेढ्यात अडकलेल्या, चीनमधल्या लिआंग राजघराण्याच्या राजधानीतून मदतीचा निरोप बाहेर पाठवायला कागदी पतंग सोडला होता. कागद त्यांच्याकडे आधी आला, रेशमाचा दोरा होता, बांबू होता. पतंगाला लागणारं सगळं सामान एका घरात होतं.

आपल्याकडे कागद रुळला तो बराच नंतर, आणि आपला तो हलका, शेपूट नसलेला, एक कमान आणि एक उभी काडी असलेला लढाऊ पतंग कागदाशिवाय होत नाही. इथेच एक गोष्ट सांगायला मला भारी आवडते. कागदी पतंगाच्या भारतातल्या अगदी जुन्या उल्लेखांपैकी एक आपल्या मराठी माणसाचा आहे: संत नामदेवांचा. त्यांची पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, त्यातलं रामकली रागातलं एक पद पतंगाने सुरू होतं. कागद आणला, कापून पतंग केला, तो आकाशात भिरभिरतोय. उडवणारा चार जणांशी गप्पा मारतोय, पण चित्त दोरीशी आहे. पुढे पाण्याच्या घागरी डोक्यावर घेऊन हसतखिदळत चाललेल्या बायका येतात, चरायला गेलेली पण वासरात जीव अडकलेली गाय येते, आणि मुलाला पाळण्यात ठेवून घरकामात गुंतलेली आई येते. सगळ्यांचं एकच: हात कामात, मन दुसरीकडे.

परंपरेने नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. म्हणजे सुमारे सातशे वर्षांपूर्वी पतंग उडवणारा माणूस गप्पा मारत उभा होता आणि त्याचं निम्मं लक्ष वर होतं, हे आपल्या संताने टिपून ठेवलंय. एवढं अस्सल घरात असताना 'चिन्यांनी पळवला' म्हणून भांडायला कशाला जायचं? तोफ, मिरची, बटाटा, सगळं कुठून ना कुठून आलं. पेच लढवायचा, म्हणजे दोऱ्याने दोरा कापायचा, खेळ मात्र आपल्या उपखंडाने वाढवला आणि असा वाढवला की काटाकाटीचं तंत्र शिकायला जग इकडे बघतं.

'१४ जानेवारीला सूर्य वळतो आणि त्या दिवशीचं ऊन औषधी असतं'

सूर्य वळतो २१ किंवा २२ डिसेंबरला. सर्वांत लहान दिवस तो, त्यानंतर सूर्य उत्तरेकडे सरकू लागतो. संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे तारखा हळूहळू लांब गेल्या: साधारण सत्तर वर्षांत एक दिवस. पंचांगकर्त्यांना हे ठाऊक आहे, व्हॉट्सॲपला नाही. १४ तारीखही काही शिळेवर कोरलेली नाही. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि त्यांची जन्मतारीख आहे १२ जानेवारी १८६३. आता कधी १४ ला येते, कधी १५ ला. नातवंडांच्या काळात आणखी पुढे जाईल.

औषधी उन्हाचं म्हणाल तर साधा हिशेब करू. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं ते अतिनील किरणांमधल्या एका पट्ट्यामुळे, आणि सूर्य जितका वर तितके ते किरण जास्त. नाशिक २० अंश उत्तरेला आहे. २१ डिसेंबरच्या मध्यान्ही इथे सूर्य क्षितिजापासून साधारण साडेसेहेचाळीस अंश वर असतो. संक्रांतीला एकोणपन्नासच्या आत-बाहेर. दोन-अडीच अंशांचा फरक! मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या सुमारास तो थेट टाळूवर येतो. किरणांसाठीच पतंग उडवायचा असता तर आपल्या ऋषींनी तो वैशाखातल्या दुपारी बाराला उडवायला सांगितला असता. शिवाय जानेवारीत निफाडचा पारा कुठे घसरतो हे आपल्याला माहीत आहे. सकाळी गच्चीवर असतात ती पोरं कानटोपी, स्वेटर आणि मफलरमध्ये. जीवनसत्त्व शिरणार कुठून, नाकाच्या शेंड्यातून?

ऊन चांगलंच, बसावं. पण पतंग या दिवसांत उडतो त्याची कारणं साधी आहेत. पाऊस नाही, कागद भिजत नाही. आकाश स्वच्छ. वारा कोरडा आणि बहुधा ईशान्येकडून, पावसाळ्यातल्यासारखा पिसाटलेला नाही. खरिपाचं पीक घरात आलेलं, हाताला जरा सवड.

'सारा भारत हजारो वर्षं याच दिवशी'

दिल्लीत पतंग उडतो १५ ऑगस्टला. लखनौला दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. कोलकात्यात विश्वकर्मा पूजेला, सप्टेंबरच्या मध्यात, ढगांच्या खाली. पंजाबात वसंत पंचमीला, आणि बंदी येण्याआधी लाहोरलाही. बिकानेर आणि जोधपूरला अक्षय्य तृतीयेला, राजस्थानच्या त्या उन्हात. संक्रांतीचा पतंग मुख्यतः गुजरातचा, जयपूरचा आणि आपल्याकडच्या काही भागांचा. अहमदाबादचा आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव, ज्याचे फोटो या मेसेजसोबत हटकून येतात, सुरू झाला १९८९ मध्ये. महाराष्ट्रातसुद्धा संक्रांत म्हणजे आधी सुगड, तिळगूळ, हळदीकुंकू, भोगीची मिसळ भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. कोकणातल्या कितीतरी गावांत पतंग म्हणजे पोरांचा सुट्टीतला खेळ, सणाशी त्याचा संबंध नाही.

मग नाशिक जिल्ह्यात एवढं वेड कसं? याचं उत्तर येवल्यात शोधावं लागतं. बाहेरच्यांना येवलं ठाऊक असतं पैठणीमुळे, वाचणाऱ्यांना बाबासाहेबांच्या १९३५ च्या धर्मांतराच्या घोषणेमुळे. इथल्या विणकर आणि व्यापारी वस्तीत गुजरातकडून आलेली घराणी जुनी आहेत. पैठणीतल्या रेशमासारखंच त्यांच्याबरोबर बाकीचंही आलं असणार. पण येवल्याने ते जसंच्या तसं ठेवलं नाही. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस इथे पतंग. करीच्या दिवशी शुभ काम करू नये म्हणतात, पतंगाला मात्र सूट आहे. गच्चीगच्चीवर हलकडी हे तालवाद्य वाजतं, आणि पेच लागला की त्याचा ताल आपोआप चढतो.

आणि आसारी! पुण्या-मुंबईच्या माणसाला दोरा गुंडाळायची चक्री माहीत असते, जी दुसऱ्या कोणीतरी मागे धरून उभं राहायचं असतं. आसारी हे वेगळंच प्रकरण. बांबूच्या पात्यांचा हलका पोकळ पिंजरा, त्याच्या मधून आरपार गेलेला लांब दांडा. दोरा पिंजऱ्यावर गुंडाळायचा, दांडा हातात खेळवायचा. ढील द्यायची तर ती सैल सोडली की भिंगरीसारखी पळते; गुंडाळायचं तर दांड्याला असा पीळ द्यायचा की ढिला पडलेला दोरा सरसर भरत येतो. हात बसलेला माणूस मदतनीसाशिवाय एकटा पेच लढवतो. नवख्याच्या हातात दिली तर मिनिटाभरात दोऱ्याचा गुंता, आणि शेजारच्या गच्चीवरून जो हशा येतो तो वर्षभर पुरतो. ऋषिमुनींपेक्षा ही आसारी बनवणाऱ्या कारागिराचं नाव मेसेजमध्ये यायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तसंच मांजाचं. वर्षानुवर्षं नावाजलेला सुती मांजा बरेलीचा. अहमदाबादेत पतंगांचं मोठं काम जमालपूर भागात चालतं. या दोन्ही ठिकाणी हे काम करणारे बहुतेक कारागीर मुसलमान आहेत. रस्त्याकडेला दोन खांबांच्या मध्ये सुती दोरा ताणायचा, भाताची खळ, रंग आणि काचेची भुकटी यांची लुगदी हातात घ्यायची, बोटांना पट्ट्या बांधायच्या आणि त्या दोऱ्यावरून ती फिरवत दिवसभर येरझारा घालायच्या. पट्ट्या बांधूनही बोटं चिरतातच. सणाची परंपरा सांगायची तर ही बोटंही सांगावी लागतील. मेसेजमध्ये ती नाहीत.

'मांजाबंदी म्हणजे सणबंदी'

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ ला देशभर बंदी घातली ती नायलॉनच्या किंवा कुठल्याही कृत्रिम धाग्याच्या, आणि कृत्रिम लेप दिलेल्या, न कुजणाऱ्या मांजावर. पतंगावर नाही, संक्रांतीवर नाही, गच्चीवर नाही. सुती दोऱ्याने खुशाल उडवा. पूर्ण पतंगबंदी कशी असते हे पाहायचं तर लाहोरचा इतिहास पाहा. तिथला बसंत, म्हणजे वसंतातला पतंगोत्सव, मोठा प्रसिद्ध. गळे कापणाऱ्या दोऱ्यांमुळे लोक मरू लागले आणि २००५ नंतर कित्येक वर्षं पतंगबाजीच बंद राहिली. म्हणजे 'फक्त आमच्याच सणावर' हाही कांगावा खोटा.

'पक्षी फक्त संक्रांतीलाच मरतात का?' नाही, बरोबर आहे. सुती दोरा उन्हापावसात कुजून तुटतो. नायलॉन झाडावर तसाच राहतो, पुढच्या संक्रांतीपर्यंत आणि त्याच्याही पुढे. त्यात घुबडं, वटवाघळं, बगळे वर्षभर अडकतात. त्यात आपल्या जिल्ह्यात नांदूरमध्यमेश्वर आहे, राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), आणि स्थलांतरित पक्ष्यांनी ते भरलेलं असतं नेमकं जानेवारीत. उड्डाणपुलावरून दुचाकीने जाणाऱ्या माणसाचं तर काय सांगायचं. नाशकात नायलॉन मांजाने गळे चिरून जीव गेलेत. संक्रांत जवळ आली की गळ्याभोवती मफलर गुंडाळून गाडी चालवणारे लोक आता सगळीकडे दिसतात.

सुती मांजाही अगदी गोमटा नाही, हेही बोलायला हवं. त्यात काच असते, तोही कापतो. पण जोर आला की तो तुटतो, आणि माणूस वाचतो तो बहुतेक वेळा त्या तुटण्यामुळेच.

पण माझी नायलॉनबद्दलची खरी तक्रार पतंगबाजाची आहे. त्याने खेळ मारला. सुती मांजात पेच लागला की ठरवावं लागतं: ढीलवर घ्यायचा की खेचेवर. वरून दाबायचा की खालून उचलायचा. वारा पडला तर काय. समोरच्याचा मांजा ताजा आहे की कालचा, हे त्याच्या पतंगाच्या हालचालीवरून ओळखायचं. दोन पतंग एकमेकांत गुंतून वाऱ्यावर लांब लांब जातात, खाली दोन्ही गच्च्या गप्प, आणि मग एक सुटतो. नायलॉनवाल्याला यातलं काही लागत नाही. तो नुसता ओढतो, समोरचा कटतो. दहा वर्षांचं पोर पन्नास वर्षं पेच लढवलेल्या आजोबांचा पतंग कापतं आणि त्याला वाटतं आपण जिंकलो. सण बुडवायचा डाव कोणाचा असेल तर तो या धाग्याचा.

'चीन पाठवतो'

बाजारात त्याला 'चिनी मांजा' म्हणतात, त्यावरून हा समज. प्रत्यक्षात त्यातला बहुतेक माल देशातल्याच कारखान्यांत बनतो. मासेमारीला वापरतात तसा एकेरी नायलॉन धागा, वर लेप. पोलीस दरवर्षी धाडी घालतात त्या आपल्याच गल्लीबोळांतल्या गोदामांवर.

ओळखायचं कसं, ते सोपं आहे. वीतभर दोरा तोडायचा प्रयत्न करा: सुती तुटतो, नायलॉन ताणला जातो आणि बोटात रुततो. खात्री नसेल तर टोक काडेपेटीने पेटवा. सुती भुरभुर जळतो, राख चिमटीत मोडते आणि वास जळक्या कागदासारखा येतो. नायलॉन आकसतो, वितळतो आणि टोकाला टणक मणी धरतो. मणी धरला तर मांजा चक्रीसकट परत करा आणि ११२ ला कळवा. दुकानदार हुज्जत घालायला लागला की 'चायनीज नाही साहेब, इंडियनच आहे', तर त्याच्याशी वाद घालू नका. तेवढं तो खरं बोलतोय.